तळहाताएवढं हेलिकॉप्टर: हात कसा बसवायचा, बिघाड कसा ओळखायचा

पन्नासेक ग्रॅमचं रिमोटचं हेलिकॉप्टर पहिल्या दिवशी भिंतीवर आपटतं, दुसऱ्या दिवशी जागच्या जागी गरगर फिरायला लागतं, तिसऱ्या दिवशी उचलतच नाही. मग वाटतं, हे आपल्याला जमणारं नाही. खरं तर यातला बराचसा त्रास हाताचा नसतोच. काही हवेचा असतो, काही शाफ्टला (फिरणाऱ्या दांडीला) गुंडाळलेल्या एका केसाचा, काही अर्धा मिलीमीटर वाकलेल्या धातूच्या काडीचा. हवा, यंत्र आणि हात यांतलं नेमकं काय चुकतंय हे ओळखता येणं, हाच या छंदातला अर्धा अभ्यास आहे. या लेखाचा मोठा भाग त्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. छोटं हेलिकॉप्टर मोठ्यापेक्षा सोपं नसतं. मोठ्या यंत्राला जडत्व असतं, ते सावकाश कलतं आणि चूक सुधारायला वेळ देतं. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या यंत्राकडे तो वेळ नसतो. पण हाच हलकेपणा पडताना वाचवतो. कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडलं, आणि पडण्याआधी थ्रॉटल (मोटरचा जोर) बंद केलेला असला, तर बहुतेक वेळा काहीच मोडत नाही. ४५० वर्गाचं मोठं हेलिकॉप्टर तसंच पडलं तर ब्लेड, शाफ्ट, गियर, बूम (शेपटीची दांडी) असा खर्च जवळपास ठरलेला. म्हणून पुन्हा पुन्हा पडत शिकायचं असेल तर छोटंच बरं.

कोणतं घ्यावं

सीमा एस१०७ सारख्या मॉडेलमध्ये एकाच दांड्यावर दोन रोटर उलटसुलट फिरतात. एकाचा पीळ (यंत्राला उलट फिरवणारा जोर) दुसरा मारतो, त्यामुळे हे फार स्थिर असतं. पण त्याला तीनच चॅनल असतात: वरखाली, नाक डावी-उजवीकडे, पुढेमागे. बाजूला सरकवता येत नाही. शिवाय रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे खिडकीतून ऊन आलं की संपर्क तुटतो. लहान मुलांसाठी उत्तम. पण खरं उड्डाण शिकायचं असेल तर यावर पैसे घालवू नका.

शिकण्यासाठी योग्य ते चार चॅनलचं, एका रोटरचं, फिक्स्ड पिच (म्हणजे ब्लेडचा कोन न बदलणारं) हेलिकॉप्टर. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११ हे या प्रकारातलं सर्वांत परिचित नाव. त्यावर ४५ अंशात बसवलेला फ्लायबार (रोटरसोबत फिरणारी, टोकाला वजन असलेली दांडी) असतो आणि तोच त्याला सरळ ठेवतो. व्ही९११एसमध्ये फ्लायबार नाही, ते काम सहा-अक्षी जायरो (कल आणि वळणं मोजणारा सेन्सर) करतो. दोन्हींचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे उन्हाचा प्रश्न नाही.

यापुढची पायरी कलेक्टिव्ह पिच. यात ब्लेडचा कोन उडता उडता बदलतो. एक्सके के११० हे त्यातलं परवडणारं मॉडेल. त्याकडे शेवटी येऊ, पहिलं हेलिकॉप्टर म्हणून मात्र ते घेऊ नका.

हेलिकॉप्टर घेताना त्याच ऑर्डरमध्ये एवढं घ्या: मुख्य ब्लेडचे दोन जोड, शेपटीचे दोन पंखे, गियरसकट एक मेन शाफ्ट (मुख्य रोटरची दांडी), लिंकचा (रोटरकडे जाणाऱ्या बारीक जोडकाड्यांचा) एक संच आणि किमान तीन जादा बॅटऱ्या. सुटे भाग वेगळे मागवले की यायला वेळ लागतो, आणि चार रुपयांच्या लिंकसाठी पंधरा दिवस हात रिकामे राहिले तर बसत आलेली सवय मोडते. हत्यारांत पीएच००० आणि पीएच०० या बारीक मापांचे चांगल्या पोलादाचे स्क्रू ड्रायव्हर, टोकदार चिमटा आणि भिंग. हेलिकॉप्टरसोबत येणारा स्क्रू ड्रायव्हर फेकून द्या, तो स्क्रूचं डोकं घासून टाकतो.

जागा आणि हवा

पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद. छताच्या पंख्याचं एकावर ठेवलेलं बटणसुद्धा या वजनाला पुरेसं वादळ आहे.

एवढं करूनही लहान खोलीत हेलिकॉप्टर भिंतीकडे ओढलं जातं. रोटर हवा खाली ढकलतो, ती जमिनीवर पसरते, भिंतीला थडकून वर चढते आणि पुन्हा रोटरमध्ये येते. ज्या बाजूला भिंत जवळ, त्या बाजूचा उचल कमी होतो आणि यंत्र तिकडेच कलतं. नवशिक्याला वाटतं आपण काठी चुकीची हलवली. त्यामुळे दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये शिकू नका. दिवाणखान्यातलं टीपॉय, खुर्च्या बाजूला सारून निदान चार मीटर बाय चार मीटर मोकळी जागा करा. सोसायटीचा हॉल किंवा बॅडमिंटन कोर्ट मिळालं तर फारच छान. पावसाळ्याचे चार महिने मैदानावर उडवणारे घरी बसतात, तेव्हा हॉलमध्ये रोज सराव करता येणं ही छोट्या हेलिकॉप्टरची मोठी सोय आहे.

उड्डाण गुळगुळीत फरशीवरून करा. जाड सतरंजी किंवा गालिच्यात स्किड (खालचे पाय) अडकतो आणि उचलायच्या आधीच यंत्र कुशीवर पडतं. गालिच्यातले धागे आणि केस शेपटीच्या पंख्यात जातात ते वेगळंच. बाहेर गवतावरून उडवायचं असेल तर दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायवूडचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सोबत न्या.

बॅटरी आणि सुरुवातीचा क्रम

लिपोचा (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट दाखवतो. उड्डाणानंतर थोडा वेळ थांबून मोजल्यावर ३.७ व्होल्टच्या खाली दिसत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त उडवलंत. ३.० च्या खाली गेलेला सेल पुन्हा पूर्वीसारखी ताकद देत नाही. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेएवढाच ठेवा, म्हणजे १५० एमएएचच्या बॅटरीला ०.१५ अँपिअर आणि ४५० एमएएचच्या बॅटरीला ०.४५. आठवडाभर उडवणार नसाल तर बॅटऱ्या ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेल्या ठेवून दिल्या तर महिन्याभरात त्यांचा जोर उतरलेला जाणवतो. चार्जिंग फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत करा, गादीवर नाही, आणि घरातून बाहेर जाताना नाही. एप्रिल-मेमध्ये बॅटऱ्या बंद गाडीत राहू देऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही आणि टोचायचीही नाही, ती ई-कचऱ्यात द्यायची.

वेळ लावून उडवा. छोट्या बॅटरीवर पाच-सहा मिनिटं मिळतात. टायमर पाचव्या मिनिटाला वाजू द्या. उतरल्यावर मोटरला दहा मिनिटं गार होऊ द्या. ब्रश असलेल्या छोट्या मोटरी लागोपाठच्या उड्डाणांनीच लवकर मरतात, आणि त्यात शेपटीची मोटर सर्वांत आधी.

सुरू करताना आधी रिमोट, थ्रॉटल पूर्ण खाली, मग हेलिकॉप्टरची बॅटरी. बंद करताना उलट. बॅटरी जोडल्याबरोबर हेलिकॉप्टर सपाट जागेवर ठेवा आणि दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका. त्या काही सेकंदांत जायरो ‘स्थिर म्हणजे काय’ हे मोजत असतो. तेव्हा ते हातात धरलेलं असलं तर पुढचं सगळं उड्डाण नाक एका बाजूला वळत राहतं, आणि माणूस ट्रिम (रिमोटवरची बारीक जुळवणीची बटणं) फिरवत बसतो. एसीच्या खोलीतून थेट उन्हात नेलं तरी असंच होतं. पाच मिनिटं बाहेरच्या तापमानात राहू द्या, मग बॅटरी जोडा.

पहिली उड्डाणं

रिमोट मोड २ चा घ्या: डाव्या काठीवर थ्रॉटल आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणं), उजव्या काठीवर एलिव्हेटर (पुढेमागे) आणि एलेरॉन (बाजूला सरकणं). मोड १ वाईट नाही, पण तुमच्या ओळखीतले बाकीचे ज्या मोडवर उडवतात तोच धरा, म्हणजे अडचणीला कोणी तरी काठी हातात घेऊ शकतो.

उडवण्याआधी बोटांना एकच सवय लावा: काही बिनसलं की थ्रॉटल पूर्ण खाली. पडणारं यंत्र वाचवायला थ्रॉटल वाढवला जातो, तिथेच नुकसान होतं. थांबलेला रोटर फरशीवर आपटला तर चरा पडतो, फिरणारा आपटला तर शाफ्ट वाकतो, गियरचे दात जातात. पहिल्या दोन बॅटऱ्या फक्त एवढ्यासाठी वापरा: स्किड हलके होईपर्यंत थ्रॉटल द्या, तिथे दोन सेकंद धरा, कापा. पुन्हा करा.

मग उचला, आणि उचलायचं तर ठामपणे. रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत यंत्र स्वतःनेच खाली ढकललेल्या हवेच्या गादीवर असतं आणि डगमगतं. घाबरून दहा सेंटिमीटरवर रेंगाळणारा माणूस सर्वांत कठीण जागी शिकत असतो. सरळ कमरेच्या उंचीवर न्या, तिथे हवा शांत असते. तुम्ही दोन-तीन मीटर मागे उभे, शेपटी तुमच्याकडे.

इथे दोन गोष्टी खटकतील, त्या बिघाड नाहीत. वरून पाहिल्यावर रोटर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर हेलिकॉप्टर एका जागी थांबलेलं असताना किंचित उजवीकडे कललेलं दिसतं. शेपटीचा पंखा पीळ मारताना सगळ्या यंत्राला थोडं डावीकडे ढकलतो, ते भरून काढायला हा कल लागतो. दुसरी, थ्रॉटल उशिरा लागतो. फिक्स्ड पिचमध्ये उंची बदलायची तर रोटरचा वेगच बदलावा लागतो आणि त्याला क्षणभर जातो. खाली येतंय असं दिसल्यावर थ्रॉटल दिला तर ते आधी आणखी खाली येतं, मग उडी मारतं. म्हणून थोडा आणि आधी द्यायचा, आणि वर चढायला लागायच्या आतच थोडा परत घ्यायचा.

सरळ खाली वेगात उतरवू नका. रोटर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत शिरतो, यंत्र थरथरतं आणि थ्रॉटल देऊनही थांबत नाही. उतरताना थोडं पुढे चालवत तिरकं आणा.

ट्रिमला लगेच हात घालू नका. तीन वेगवेगळ्या वेळी, खोलीच्या मधोमध, ते एकाच दिशेला सरकत असेल तरच ट्रिम एक-दोन टिचक्या द्या.

शेपटी आपल्याकडे ठेवून एका बॅटरीभर, फरशीच्या दोन-तीन लाद्यांच्या चौकोनात थांबता आलं की पुढे जा. त्याआधी नाही.

नाक आपल्याकडे

इथे बहुतेकांचा छंद संपतो, आणि ज्यांचा संपत नाही त्यांचा इथे सुरू होतो.

नाक तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. डोक्याने हिशोब करायला गेलात तर हिशोब होईपर्यंत ते भिंतीवर असतं. म्हणून वळणं तुकड्यांत शिका. आधी नाक ४५ अंश डावीकडे, तिथे थांबा, सरळ करा. मग उजवीकडे. मग ९० अंश, पूर्ण आडवं. प्रत्येक कोनाला दोन-चार दिवस द्या. एक बाजू दुसरीपेक्षा नेहमी जड जाते, तिला दुप्पट वेळ द्या. रडर देताना नजर नाकावर ठेवा, शेपटीवर नाही. शेपटी बघून उडवणाऱ्याचा रडर पुढे कायम गोंधळतो.

नाक समोर असताना एलेरॉनचा एकच नियम लक्षात ठेवा: ज्या बाजूला ते कलतंय त्याच बाजूला काठी ढकला. कलत्या भिंतीला त्याच बाजूने टेकू लावतात, तसं. ‘डावं म्हणजे आता उजवं’ असं भाषांतर करू नका, फक्त खाली झुकलेल्या बाजूला टेकू द्या. एलिव्हेटरचं सोपं: काठी पुढे म्हणजे ते तुमच्या अंगावर येणार. घाबरून काठी पुढे ढकलायची चूक हमखास होते, म्हणून सुरुवातीला एलिव्हेटर थोडा मागे ओढून ते तुमच्यापासून दूर सरकतं ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. ब्लेड हलकं असलं तरी डोळ्याला इजा करू शकतं. खोलीत दुसरं कोणी असेल तर ते तुमच्या मागे उभं राहील.

हे सगळं संगणकावर सिम्युलेटरमध्ये आधी घोटवता येतं. रिअलफ्लाइटसारख्या सिम्युलेटरमध्ये रोज वीस मिनिटं फक्त नाक समोर ठेवून थांबायचा सराव करा, कसरती नाहीत. डोळ्यांची सवय तिथून खऱ्या यंत्रावर जशीच्या तशी येते. थ्रॉटलची येत नाही, ती खऱ्यावरच बसवावी लागते.

आणि मग एक दिवस ते डोळ्यांसमोर नाक करून थांबलेलं असतं आणि बोटं आपोआप चालत असतात. सेन्सरच्या जोरावर एका जागी उभा राहणारा ड्रोन पाहून हा आनंद मिळत नाही. इथे सेकंदाला चार वेळा होणारी बारीक दुरुस्ती तुमच्या अंगठ्यांची असते. शिवाय हेच हात उद्या मोठ्या हेलिकॉप्टरवर चालतात, कारण दोन्ही काठ्यांचं काम तिथे तेच असतं.

काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

नाक गरगर फिरतं. चिमट्याने आधी शेपटीच्या मोटरच्या शाफ्टवरचा केस काढा. अनेक वेळा काम इथेच होतं. मग पंख्याला चीर आहे का, तो शाफ्टवर सैल झालाय का ते पाहा. थ्रॉटल वाढवतानाच फिरत असेल आणि रोटर घड्याळाच्या दिशेचा असेल, तर नाक डावीकडे जाणं म्हणजे शेपटीची मोटर कमी पडतेय. नवी बॅटरी लावूनही तसंच होत असेल तर मोटर बदला. सावकाश एकाच बाजूला वळत असेल तर मोटर ठीक आहे. बॅटरी काढून सपाट जागेवर पुन्हा जोडा.

सगळं यंत्र थरथरतं. इथे क्रम महत्त्वाचा. पहिलं ब्लेड: टोक चिरलेलं किंवा कडेला दाते पडलेले असतील तर जोडच बदला, एकच नाही. दुसरं ब्लेडचा स्क्रू: फार आवळला तर फिरताना ब्लेड आपोआप सरळ रेषेत येत नाही. हेलिकॉप्टर कुशीवर धरलं की ब्लेड स्वतःच्या वजनाने गळू नये, पण बोटाच्या हलक्या धक्क्याने हलावं, इतपत ठेवा. तिसरं मेन शाफ्ट: काढून काचेवर लोळवा, खाली फट उघडमीट होताना दिसली की वाकलेला आहे. चौथं, कलेक्टिव्ह पिच असेल तर ब्लेडच्या दोन्ही पकडींमधून जाणारा फेदरिंग शाफ्ट, त्यालाही काचेवर लोळवा. हाताने सरळ करत बसू नका, बदला. थरथर नुसती दिसायला वाईट नसते, ती जायरोला फसवते आणि मग यंत्र विनाकारण भरकटतं. भरकटणं ट्रिमने जात नसेल तर थरथर शोधा.

ब्लेडचा मार्ग. दोन-तीन मीटर दूरून, रोटर डोळ्यांच्या रेषेत येईल असं पाहा. कडेला एकाऐवजी दोन रेषा दिसल्या तर एक ब्लेड वर चाललंय. कलेक्टिव्ह पिचमध्ये त्या ब्लेडची लिंक एक फेरा फिरवून सुधारते. फिक्स्ड पिचमध्ये ब्लेड बदलणं हाच सरळ उपाय.

एका जागी थांबवल्यावर आपोआप गोल घिरट्या घेतं. फ्लायबारच्या किंवा स्वॉशप्लेटच्या (रोटरखालच्या, काठीचा इशारा ब्लेडपर्यंत पोचवणाऱ्या तबकडीच्या) लिंक घट्ट असतात. प्रत्येक लिंक गोळीवर बोटाने फिरवून पाहा. अडखळत असेल तर पकडीने अगदी हलकं दाबा. फार दाबली तर उड्डाणात सुटेल.

उचलतच नाही, पण मोटर जोरात फिरते. मेन गियर हाताने फिरवा. टक्-टक् लागलं तर दात गेलेत. गियर ठीक असेल तर तो शाफ्टवर घसरतोय का पाहा.

थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) फक्त धातूच्या स्क्रूवर, जिथे तो धातूतच बसतो. प्लॅस्टिकला लागलं तर ते तडकतं. कार्बनची बूम मोडली आणि तारा बाहेरून जात असतील, तर उदबत्तीची बांबूची काडी आत सरकवून सायनोॲक्रिलेटने (झटपट चिकटणाऱ्या डिंकाने) चिकटवता येते. नवी बूम येईपर्यंत ती चांगली टिकते.

कलेक्टिव्ह पिचकडे

फिक्स्ड पिचवर नाक समोर ठेवून थांबता येत असेल आणि दोन्ही बाजूंनी आठाचा आकडा काढता येत असेल, तर के११० घ्यायला हरकत नाही. मुख्य मोटर ब्रशलेस, बॅटरी एका सेलची ४५० एमएएच, शेपटीची मोटर मात्र ब्रशचीच, म्हणून ती एक जादा ठेवा. रिसीव्हर फुताबा कंपनीच्या रिमोटच्या एस-एफएचएसएस या संदेशपद्धतीशी जुळतो, त्यामुळे तसा चांगला रिमोट असेल तर तोच बाइंड करता (जोडता) येतो. तेव्हा एलेरॉन आणि एलिव्हेटरला २५-३० टक्के एक्स्पो (काठी मध्याजवळ मऊ करणारी सेटिंग) ठेवा.

बटणावर ६जी म्हणजे स्वतः सरळ होणारा मोड आणि ३डी म्हणजे न होणारा. ६जीमध्ये पहिल्या आठवड्यात थ्रॉटल आणि पिचची सवय करा, मग सोडून द्या. त्यात जास्त राहिलात तर हात काठी सोडून द्यायला शिकतात, आणि ३डीमध्ये काठी सोडली की यंत्र कललेलंच राहतं.

इथे काठी पूर्ण खाली म्हणजे मोटर बंद, असं नाही. आयडल-अप मोडमध्ये, म्हणजे काठी खाली असली तरी रोटर फिरत राहतो त्या मोडमध्ये, ती उणे पिच (खाली ढकलणारा ब्लेडचा कोन) असते आणि यंत्र जमिनीत घुसतं. म्हणून पडताना डाव्या काठीचं पूर्वीचं वळण विसरून थ्रॉटल होल्डचं (मोटर लगेच बंद करणारं) बटण दाबायचं. ते बोटाखाली आंधळेपणाने सापडेपर्यंत जमिनीवरच सराव करा.

बाहेर नेताना

सकाळी, झाडाची पानं हलायच्या आत. फ्लायबारवाल्याचं नाक वाऱ्यासमोर आपोआप उचलतं आणि ते मागे वाहत जातं, तेव्हा एलिव्हेटर सतत पुढे धरावा लागतो. वारा वाढला की थांबा. वीस मीटरपलीकडे नेऊ नका, कारण एवढ्या छोट्या यंत्राचं नाक कुठे आणि शेपटी कुठे हे तिथे कळत नाही. कॅनॉपीवर (पुढच्या कवचावर) भडक नारिंगी किंवा पिवळा रंग आणि शेपटीवर काळी पट्टी लावली तर थोडी मदत होते.

भारतात ड्रोन नियम, २०२१ रोटरवाल्या यंत्रांनाही लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतची यंत्रं नॅनो वर्गात येतात आणि त्यांच्यासाठी रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. पण विमानतळाच्या आसपासचे आणि लष्करी भागांचे रेड झोन (उड्डाणबंदीचे भाग) नॅनोलाही बंदच असतात. नव्या मैदानावर जाण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा पाहून घ्या.